कासाबाईच्या पाट्यावरची पानथरी

कासाबाईच्या वाटणात खडा निघाला, असं म्हणणारा माणूस एक तर पिऊन आलेला असायचा, नाहीतर त्याला गाव सोडायचं असायचं. तिसरं कारण आमच्या वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं.

बाई उंच, काटकुळी. हात मात्र मनगटापासून दंडापर्यंत बाभळीच्या खोडासारखे. नवरा मेंढरांमागं हिंडता हिंडता तापानं गेला. मागं राहिली चाळीसेक शेरडं-मेंढरं, काळ्या रानाचा एक पट्टा, हरण्या नावाचा एकुलता एक बैल, आणि सासऱ्यानं सोनपेठच्या बाजारातून गाडीत घालून आणलेला काळा पाटा. हरण्याला कुणी म्हातारा म्हटलं तर ती दोन दिवस बोलायची नाही. पाट्याला नाव ठेवलं तर ती बोलायची, आणि तेच जास्त वाईट होतं.

कंदुरी कुणाचीही असो, बकरं कुणाचंही असो, मसाला वाटायला कासाबाईच. तिचा येसूर रश्शात घातला की दिसायचा नाही, नुसता लागायचा. शेजारच्या बायनाबाईचं म्हणणं असं, की कासाच्या वाटणाला बारीकपणा हाय, चव आपल्या हाताला. असं म्हणणारी बायनाबाई पाहुणे आले की मागच्या दारानं कासाबाईचंच वाटण घेऊन जायची, ही गोष्ट वेगळी. ती आम्ही कुणाला सांगितलेली नाही.

या बारीकपणामागं एक जुनी सल होती. कासाबाईच्या सासरी नव्या सुनेचं पहिलं वाटण घरातली थोरली माणसं ओळीनं बसून पुढच्या दातांनी चावून बघायची. कासाबाई तेव्हा तेरा वर्षांची. सासूच्या दाताखाली कच्चकन एक कण आला. सासू उठली, सगळं वाटण कोंबड्यांना टाकलं आणि पाटा सुनेच्या पुढ्यात ठेवला. त्या दिवशी पोरीनं तेच वाटण पाच वेळा वाटलं. तेव्हापासून पाट्याजवळ धुळीचा कण दिसला तरी तिच्या दाढा शिवशिवायच्या.

सरकारी दफ्तरातलं फसली तेराशे सत्तेचाळीस साल, इंग्रजी एकोणीसशे सदतीस, लागायच्या बेतात होतं. दसरा पंधरवड्यावर. रानाला ओल अशी, की मूठभर माती दाबली तर लाडू व्हावा. रब्बीची ज्वारी पेरायला गाव हातघाईला आलेलं, आणि नेमकी ओढ्यापलीकडच्या वाडीतून खबर आली: बुळकांडी. जनावराच्या डोळ्या-नाकातून धारा, तोंडात फोड, शेणाचं पाणी, आणि सातव्या दिवशी पाय ताठ. तिकडं तेरा बैल ओढून झाले होते.

कासाबाईचा जीव हरण्यात अडकला. पलीकडच्या घरच्या रायभानचाही एकच बैल होता, पाखऱ्या. दोघांची सावड: तिचा एक, त्याचा एक, मिळून तिफण. आज तिचं रान, उद्या त्याचं. एकाला काही झालं की दुसरा नुसता दावणीची शोभा, आणि दोन घरांची रानं पडीक. या दोघांचं जन्मात एका वाक्यावर एकमत झालेलं नव्हतं, पण बैलांपायी शेजार टिकून होता.

अशात परभणी टेसनावरून गाडी करून सरकारी सलोत्री, म्हणजे गुरांचा डागदर आला. दिनकरराव नाव. हैदराबादेत शिकलेला, चष्मेवाला, बोलणं मराठी पण त्याला उर्दूची फोडणी. बरोबर सुयांची पितळी पेटी, लाकडी खोक्यात जपून ठेवलेली, बारीक ते मोठं दाखवणारी खुर्दबीन, आणि दोन शेळ्या. आबासाहेब पाटलांनी त्या शेळ्यांना जावयासारखं छपरात बांधून वैरण घातली. सगळं धड पोचलं. फक्त औषध घोटायचा चिनी मातीचा खल गाडीच्या हिसक्यांनी दोन तुकडे होऊन आला.

चावडीसमोर गाव जमलं, आणि दिनकररावानं समजावून सांगितलं. बुळकांडीचं बीज यातल्या एका शेळीच्या अंगात घातलेलं आहे. शेळ्यांमधून फिरून फिरून ते मऊ पडलंय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेळी तापली की तिच्या पोटात डावीकडं जी जांभळी पानथरी असते, तिच्यात ते बीज दाटतं. पानथरी वाटायची, मिठाच्या पाण्यात कालवायची, मलमलीतून गाळायची आणि ते पाणी सुईनं बैलाला टोचायचं. बैल चार दिवस जरा तापेल, मग बुळकांडी त्याच्या वाटेला जाणार नाही. आणि शेळी कापण्याआधी तिचं रक्त दुसरीला टोचायचं, म्हणजे बीज चालू राहतं. चुलीतला विस्तव विझण्याआधी शेजारणीनं निखारा न्यावा तसं.

रायभाननं डोकं खाजवलं आणि म्हणाला, म्हंजी चोर येऊ नये म्हून घरच्यानंच थोडी चोरी करायची. गाव हसलं. दिनकररावही हसला आणि म्हणाला, अगदी तसंच.

आता खल नाही तर पाटा पाहिजे, आणि वाटणारी अशी पाहिजे, की वाटणं म्हणजे काय ते तिला कळतं. गावानं एकदम कासाबाईकडं तोंड केलं. बायनाबाईनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. पाटा-वरवंटा मोठ्या कढईत उकळून काढलेला, लिंबाच्या सावलीत ओल्या पोत्यावर मांडलेला. शेळी कापली, पानथरी काढली. दिनकररावानं कासाबाईच्या हातात कागदाची एक पुडी दिली. बारीक रेती होती. धुतलेली, तव्यावर भाजलेली. म्हणाला, मावशी, ही पानथरीत घाला आणि भरपूर वाटा, गाळून मला आणून द्या. एवढं सांगून तो धावला, कारण सत्तेचाळीस जनावरं एकाच वेळी एकाच लिंबाला बांधायचा आबासाहेबांचा विचार चालला होता.

कासाबाईनं पुडी उघडून बघितली आणि तिच्या दाढा शिवशिवल्या.

रेती. तिच्या पाट्यावर. सगळ्या गावाच्या देखत. डागदर शिकलेला असंल, पण बापई माणूस. वाटणातलं त्याला काय कळतंय. खलात घोटणारा हात, म्हणून त्याला रेतीची टेकणी लागत असंल. आपल्याला कायला लागतीय? तिनं पुडी मिटली, कमरेच्या चंचीत पानसुपारीशेजारी सारली आणि पदर खोचून बसली.

वाटलं मात्र असं, की बघणाऱ्यानं बघत राहावं. पानथरीचं जांभळं लोणी झालं. बोटावर घेतलं तर बोटाला कळू नये. तिनं ते मिठाच्या पाण्यात कालवलं, मलमलीतून गाळलं, फडक्यात उरलेला चोथा सांगितल्याप्रमाणे खड्ड्यात पुरला आणि भांडं नेऊन दिलं. दिनकरराव घामाघूम, भांड्यात डोकावून शाबास म्हणाला आणि सुया भरायला लागला. हरण्याला टोचलं तेव्हा कासाबाईनं त्याचं तोंड पोटाशी धरलं होतं. बैल शांत उभा राहिला. डोळे तिनंच मिटले.

मग वाट बघणं. एक दिवस झाला, दोन झाले, तीन झाले. गावातली जनावरं मजेत कडबा खात होती. जो तो आपल्या बैलाची पाठ थोपटून सांगायचा, आमच्याला तर काही सुदिक झालं न्हाई, लय दणकट हाय. पाचव्या दिवशी दिनकररावानं गरमी मोजायची काचेची नळी घेऊन सत्तेचाळीस दावणी हिंडून काढल्या. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. त्यानं आबासाहेबांना सांगितलं, की ताप नाही म्हणजे लस लागलीच नाही. बैल जसे होते तसेच उघडे आहेत.

आणि कोडं असं, की पहिलीचं रक्त टोचलेली दुसरी शेळी मात्र चुलीसारखी तापली होती. म्हणजे बीज जिवंत. दिनकररावानं विचार करून करून एकच अर्थ काढला: शेळ्यांतून फिरून बीज बैलांपुरतं बोथट झालं असणार. आता हैदराबादेहून नवं आणायला पाहिजे. जायला-यायला आणि शेळी तापायला मिळून बारा-चौदा दिवस. त्याच दुपारी ओढ्याच्या अलीकडच्या काठावर एक परकं वासरू तोंडातून लाळ गाळत फिरताना गुराख्यांनी बघितलं.

कासाबाईनं हे सगळं ऐकलं आणि घरी गेली. हरण्याजवळ बसली. चंचीतून पान काढायला गेली तर हाताला पुडी लागली. तिनं हात मागं घेतला. पान खाल्लंच नाही.

वाटण तर लोण्यासारखं झालं होतं. मग रेतीचं काय एवढं? पण डागदरानं सांगितलेल्यातली एकच गोष्ट झाली नव्हती, आणि ती कुणाला ठाऊक होती? तिला आणि चंचीला. न सांगितलं तर दोष बीजाचा. सांगितलं तर सत्तेचाळीस जनावरांचा दोष तिच्या पाट्यावर. हरण्यानं तिच्या खांद्याला नाक लावलं. नाक थंडगार, ओलं. एरवी तिला या थंड नाकाचं केवढं कौतुक; त्या दिवशी ते विंचवासारखं लागलं.

सकाळी लिंबाखाली गाडी जुंपायची तयारी चालली होती. गाव गोळा झालेलं, आणि बायनाबाई, जिनं तीस वर्षांत कासाबाईबद्दल एक गोड शब्द काढला नव्हता, ती नेमकी त्या दिवशी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होती, की बीजच खोटं असंल, आमच्या कासाच्या हाताला कुणी बोलू नये, असं वाटन परभनीत बी व्हायचं न्हाई. वैरीण उलटी बोलते ते सोसतं. सुलटी बोलायला लागली की माणसाला पळायला जागा राहत नाही.

कासाबाई गर्दीतून पुढं आली. चंची उघडली आणि पुडी गाडीच्या साटीवर ठेवली.

"सायब, ही तुमची रेती. तशीच हाय. म्या घातली न्हाई."

दिनकररावानं पुडी उचलली, उघडली, मिटली. "का?"

"माज्या पाट्यावर आजवर खडा पडला न्हाई," ती म्हणाली. "आन् तुमी मूठभर घाला म्हनलात."

रायभान पुढं सरकला. त्याचा पाखऱ्याही त्या सत्तेचाळीसांत होता. "वयनी," तो हळूच म्हणाला, "माजा बैल तुमच्या नाकापायी उघडा ऱ्हायला व्हय?"

आयुष्यात पहिल्यांदा दोघांतलं शेवटचं वाक्य रायभानचं राहिलं.

दिनकररावानं चष्मा काढून पुसला. त्याला राग आला होता हे दिसत होतं. पण रागाच्या मागून दुसरंच काहीतरी धावत आलं आणि रागाला ओलांडून पुढं गेलं. तो गाडीवानावर ओरडला, बैल सोड. बीज बोथट नाही, बीज बरोबर आहे, ते बाहेरच आलं नव्हतं. दुसरी शेळी आज ऐन तापात आहे, आजचाच दिवस, अजून ऊन चढलेलं नाही. कढई पेटवा. पाटा उकळा. आणि खुर्दबीन काढा, मावशीला दाखवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मग जी धावपळ उडाली, ती आमच्या वाडीनं लग्नातही बघितली नव्हती. आबासाहेब स्वतः जळण आणत होते. आधी शेळीचं रक्त गावातल्या तिसऱ्या शेळीला टोचलं, मग पानथरी निघाली. दिनकररावानं तिचा बोटाएवढा तुकडा कापला आणि कासाबाईला म्हणाला, आधी तुमच्या पद्धतीनं वाटा, रेतीशिवाय. तिनं वाटलं, पुन्हा लोणी. त्यातला ठिपका काचेवर पसरून, रंग लावून, खुर्दबिनीखाली सरकवला आणि तिला एक डोळा मिटून बघायला लावलं. पहिल्यांदा तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग एकदम तिनं श्वास आत ओढला.

"घाटे," ती म्हणाली. "हरभऱ्याचे घाटे हायेत सायब ह्ये. टंच भरल्याले. किती, बया."

ते घाटे म्हणजे पेशी, त्यानं सांगितलं. सगळं अंग याच घाट्यांचं बनलेलं: शेळीचं, बैलाचं, तुमचं, माझं. बुळकांडीचं बीज यांच्या पोटात लपून वाढतं, इतकं बारीक की या काचेतूनही दिसत नाही. तुम्ही पानथरी बारीक केलीत, पण घाटे वाटणाहून बारीक. वरवंट्याखालून ते निसटतात, एकमेकांना चिकटून राहतात, आणि गाळताना गठ्ठ्यानं फडक्यात अडकतात. खड्ड्यात पुरलात ना चोथा? सगळं औषध त्यात गेलं. बैलांना मिळालं नुसतं धुवण.

कासाबाईनं विचारलं, मग पाण्यात भिजत घालून फुटत नाहीत का? हा प्रश्न ऐकून दिनकरराव असा खूश झाला, की त्यानं लगेच शेळीच्या रक्ताचा एक थेंब साध्या पाण्यात टाकून दाखवला. क्षणापूर्वी गढूळ लाल होतं ते आरपार दिसायला लागलं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधं पाणी पितात, फुगतात आणि फुटतात. मिठाच्या पाण्यात मात्र शाबूत राहतात. पण पानथरीचं घर चिवट, धाग्या-दोऱ्यांनी बांधलेलं. तिथं नुसत्या पाण्याचं काम नाही. तिथं धार पाहिजे, आणि रेतीच्या प्रत्येक कणाला दहा धारा असतात.

"मंग तसं सांगायचं की," कासाबाई म्हणाली. "नुसतं घाला म्हनून कोन घालतंय."

ते दिनकररावाला पटलं, आणि पुढचं त्यानं कारणासकट सांगितलं.

आणखी एक गोष्ट त्यानं बजावली. पेशी फुटली की आतलं बीज बाहेर येतं, तसे तिच्यातले पाचक रसही बाहेर येतात, आणि गरम झालं की जे सापडेल ते खात सुटतात. म्हणून गार ठेवायचं, लवकर करायचं. रायभान म्हणाला, समजलं. घर फुटलं की घरचेच भांडी पळवायलेत. त्याचा राग अजून गेलेला नव्हता, पण तो रांजणातलं थंड पाणी पोत्यावर शिंपडायला बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही.

कासाबाईनं पुडी स्वतःच्या हातानं पाट्यावर उलटी केली आणि वरवंटा धरला.

करर्र.

बायकांनी कानांवर हात ठेवले. बायनाबाईनं तर डोळेच मिटले. तो आवाज दाताच्या मुळाशी जाऊन बसत होता. कासाबाईचा चेहरा कडुलिंबाचा काढा प्यायल्यासारखा झालेला, पण हात थांबेना. पुढं, मागं, गोळा करून पुन्हा मध्ये. रायभान पाणी शिंपडतोय, दिनकरराव दर थोड्या वेळानं गरमीची नळी वाटणाला लावून बघतोय. मध्येच त्यानं ठिपका काचेवर घेतला आणि मान हलवली: अजून. ती पुन्हा भिडली. दुसऱ्यांदा त्यानं खुर्दबीन तिच्याकडं सरकवली.

घाटे फुटले होते. टरफलं इकडं, चिंध्या तिकडं, मधूनच एखादा शाबूत चुकार. मळणीनंतरचं खळं दिसावं तसं.

"फुटले," ती म्हणाली. मग मान वर करून सगळ्या गावाला, जणू गावाला ऐकू आलं नसावं, "फुटले, समदे फुटले."

गाळताना रेती आणि चिंध्या फडक्यात राहिल्या, खाली पाणी उतरलं ते दुधाळ गुलाबी. ऊन लिंबाच्या बुंध्यापर्यंत येईतो सत्तेचाळीस जनावरं टोचून झाली. हरण्या शेवटचा, आपला बैल पहिला आणायचं तोंड तिला नव्हतं.

त्यानंतरचे तीन दिवस आमच्या वाडीत माणसांनी एकमेकांना रामराम करायचं सोडून बैलांचे कान धरायला सुरुवात केली. कान गार लागला की शिवी, पुन्हा तासाभरानं येऊन तोच कान. आबासाहेब पाटलांनी एका खोंडाचे कान इतके धरले, की ते पाटील दिसले की लाथ उचलायला लागलं. कासाबाई काही धरत नव्हती. तिला धीरच होत नव्हता. ती हरण्याच्या पुढ्यात कडबा टाकायची आणि लांब जाऊन बसायची.

चौथ्या दिवशी उजाडताना तिनं बघितलं तर रात्रीचा कडबा तसाच. हरण्या मान खाली घालून उभा. तिनं पुढं होऊन नाकावर हात ठेवला. कोरडं. कान धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला, मग दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले.

असली खुशी आम्ही दुसरी बघितली नाही. ती बाई बिनपदराची गल्लीतून धावली, दारोदार सांगत, "तापला, माजा हरण्या तापला वो." अनोळखी माणसानं ऐकलं असतं तर बाईला वेड लागलंय म्हणून बांधूनच घातलं असतं. घराघरातून माणसं दावणीकडं पळाली. याची गाय तापली, त्याचा खोंड तापला. दिनकरराव नळी झटकत धोतर सावरत हिंडतोय. आबासाहेबांनी गुळाची ढेप फोडली. एकटा रायभान तोंड पाडून बसलेला, कारण पाखऱ्या अजून गारच होता आणि मजेत खात होता. बायनाबाई त्याला म्हणाली, भाऊजी, तुमचा बैल तुमच्यासारखाच, समद्यांच्या मागनं. दुपारी पाखऱ्यानं खाणं सोडलं तेव्हा रायभाननं कासाबाईच्या दारात येऊन गुळाचा खडा ठेवला आणि पाखऱ्याकडं परत पळाला.

जनावरं तीन दिवस मलूल राहिली, मग एकेक करून खायला लागली. मधल्या काळात बुळकांडी ओढा ओलांडून आलीच. ते लाळ गाळणारं वासरू आमच्या पाणवठ्यावर, आमच्याच गुरांत येऊन मेलं. गावानं दहा दिवस श्वास रोखून धरला. सत्तेचाळीसांतलं एकही आडवं झालं नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी कासाबाईच्या रानात तिफण चालली होती. हरण्या आणि पाखऱ्या, पुढं रायभान, मागं चाड्यावर मूठ धरून कासाबाई. तोंडं दोघांची चालूच. मूठ जास्त पडायली, नाही कमी पडायली. बांधावर दिनकररावाची गाडी येऊन थांबली. मागं त्याच बीजाच्या दोन नव्या शेळ्या बांधलेल्या. पेडगावाकडच्या वाड्यांतून बोलावणं आलं होतं, तिथं आजच्या आज पोचायचं होतं, आणि खल अजून हैदराबादेहून आला नव्हता. त्यानं हाक मारून विचारलं, मावशी, पाटा घेऊन येता का?

तिनं तिफण थांबवली नाही. चाड्यात ज्वारी सोडता सोडता मान वळवून म्हणाली, "येती की. पेरायची तेवढी सा तासं ऱ्हायल्यात बांधापत्तुर, ती होऊ द्या. तंवर रेती भाजून ठिवा, सायब, आन् येवढीशी नगं, वंजळभर घ्या."